हाकेला ओ

फोन आला तेव्हा मी कावासाकीच्या ऑफिसात डबा उघडत होतो. पलीकडे वृद्धाश्रमाच्या मुख्य बाई होत्या. जपानी माणूस वाईट बातमी फार सावकाश सांगतो. आधी कामात व्यत्यय आणल्याबद्दल माफी, मग पुन्हा एकदा माफी, मग "काकी-सान आज सकाळी..." आणि पुढे काहीच नाही. वाक्य अर्धंच सोडून द्यायची इथली रीत मला इतक्या वर्षांत कळू लागली आहे. मी डबा तसाच बंद केला.

सरोजकाकी माझी सख्खी काकी. काका गेले, मूलबाळ नव्हतं. नगरच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाली आणि चर्चच्या मिशनमार्फत थेट जपानला आली, डोंगरातल्या एका गावात म्हाताऱ्यांची सेवा करायला. घरात सगळ्यांना वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. मी तेव्हा नुकताच इथे नोकरीला लागलो होतो. पहिल्यांदा तिला भेटायला गेलो आणि सवयीने दारातूनच "काकी!" अशी हाक मारली. झालं! जपानीत काकी म्हणजे एक केशरी फळ, आपल्या टेंभरांच्या कुळातलं, पण टोमॅटोएवढं. आतल्या आज्या तोंडावर हात धरून हसल्या, आणि त्या दिवसापासून अख्खा आश्रम तिला काकी-सान, म्हणजे काकीबाई, म्हणू लागला. "मला सरोज म्हणणारी आता माई तेवढी उरली," ती म्हणायची. माई म्हणजे तिची थोरली बहीण. नगरला एकटी असते, गुडघ्यांनी तिला घरातच बसवलंय.

गेल्या नोव्हेंबरात मिशनने काकीला चार दिवसांची रजा दिली. तिचा करार संपत आला होता आणि पुढे राहायचं की परतायचं, हे रजेनंतर कळवायचं होतं. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मी आपला तिला टोकियो दाखवायच्या तयारीत. एक्सेलमध्ये तक्ता केला होता, कुठे किती मिनिटं, कुठली ट्रेन, कितवा डबा... काकीने पहिल्याच दिवशी त्याचा बोजवारा उडवला. असाकुसाला देवळाकडे पाठ करून ती अर्धा तास पुलाच्या कठड्याला टेकून राहिली. म्हणे, "एवढी घाईत असतात माणसं, तरी एकमेकांना धक्का कसा लागत नाही रे?" मग स्टेशनात बसली, उंच मनोऱ्यावर जायच्या रांगेत बसली, दुकानाच्या पायरीवर बसली. मला राग यायचा. आश्रमातल्या म्हाताऱ्यांना उचलून बसवणारी बाई चार पायऱ्यांवर दम का खाते, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी फोनमध्ये पुढची ट्रेन बघत होतो.

तिसऱ्या दिवशी टोकियोतल्या कोतो भागात माझ्या घराजवळच्या बाजारातून चाललो होतो. डोक्याला पंचा गुंडाळलेला फळवाला खच्चून ओरडत होता, "काकी, काकी! काकी, काकी!" आणि काकीने चालता चालता मान वळवून चक्क ओ दिली. "ओ!" मग मी हसत सुटलो, मग ती, मग काही न कळताच फळवालाही. त्याने एक फळ तिच्या हातात ठेवलं. ते घेऊन ती शेजारच्या बाकड्यावर टेकली, डोळे पुसले आणि म्हणाली, "सोमवारी मिशनला कळवायचंय. माईकडे जावं म्हणते. हल्ली दमायला होतं रे... काय करू?"

मी घड्याळात बघितलं. नदीतली बोट सुटायला अठरा मिनिटं होती. "राहा की अजून एक वर्ष," मी म्हणालो. "नगरला तुला हाक मारायला कोण बसलंय? इथे अख्खा आश्रम आहे."

खरं सांगायचं तर मी माझ्यापुरतं बघत होतो. ती गेली असती तर या देशात सुट्टीला जायला मला घर उरलं नसतं.

"तेही खरंच," ती म्हणाली आणि उठली. बोट आम्हाला मिळाली.

काकी राहिली, आणि सप्टेंबरच्या शेवटी झोपेतच गेली. तिची खोली आवरताना खणात डॉक्टरांचा कागद सापडला. हृदय थकलंय, काम थांबवा. त्यावरची तारीख आमच्या टोकियोच्या आधीची होती. नगरला कळवलं तेव्हा माई रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "तिला यायचंच नव्हतं का रे?" मी म्हणालो, "आश्रमाने सोडलं नाही, माई." धडधडीत खोटं.

परवा त्याच गल्लीतून येत होतो. काकींचा हंगाम पुन्हा आलाय. फळवाला ओरडला, "काकी, काकी!" आणि माझी मान मागे वळली. मागे सायकलवरून एक बाई चालली होती, बाकी कोणी नाही. तो ओरडतच राहिला. मला ते ऐकवेना. मी भर रस्त्यात उभा राहून "ओ" म्हणालो. चार फळं घेतली, घरी येऊन खिडकीत ठेवली आणि माईला फोन लावला.

"माई, तिला यायचं होतं. मीच थांबवलं. म्हटलं, तिकडे तुला हाक मारायला कोण आहे..."



"मी होते ना रे," माई म्हणाली.