माठाशेजारचं पान

आमच्या कॉलेजात अनुदान आलं की सगळ्यात आधी फरशी बदलते. ग्रंथालयाला आलं तरी फरशी, खेळाला आलं तरी फरशी. त्यामुळे जुने कागद जपण्यासाठी अनुदान मंजूर झालंय असं कळलं, तेव्हा प्राचार्य पहिलं वाक्य काय बोलणार ते मला पाठ होतं. जुन्या खोलीला नवी फरशी बसवून घेऊ, म्हणाले. मी म्हटलं, सर, कागद फरशीवर नाही ठेवायचे.

मी इथली ग्रंथपाल, आणि त्याआधी इथलीच विद्यार्थिनी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीमागं हे कॉलेज निघालं ते दुसरीकडं ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं अशांच्या पोरापोरींसाठी. गावकुसाबाहेरची, पालावरची, मेंढरांमागं फिरणारी. आणि माझ्यासारखी मागावरच्या घरातली, रात्रपाळी करून सकाळी तासाला येऊन डुलक्या काढणारी. मोठ्या कॉलेजांत तैलचित्रं असतात, काचेच्या कपाटातली दप्तरं असतात. आमच्याकडं संस्थापकांची खुर्ची, थोडे फोटो आणि भित्तिपत्रकाची फळी. अनुदान देणाऱ्यांचं म्हणणं असं की अशा कॉलेजांचा इतिहास आजवर कुणी जपला नाही, तो आता तुम्ही जपा. ते वाचताना मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. आजवर बाहेरून जो यायचा तो आम्हाला काहीतरी शिकवायला यायचा. तुमच्याजवळ जपण्यासारखं काही आहे, असं कुणी म्हटलं नव्हतं.

फळीचं सांगते. भित्तिपत्रक म्हणजे पोरांनी हातानं लिहून भिंतीवर लावलेला अंक. बाकीच्या कॉलेजांत जुना अंक काढून नवा टाचण्यांनी लावतात. आमच्याकडं टाचण्या टिकायच्या नाहीत, पोरं पायातला काटा काढायला न्यायची. म्हणून मग खळ. चिंचोक्याची खळ आम्हा मागवाल्यांना सुताची म्हणून माहीत, धनगरांच्या पोरांना घोंगडीची म्हणून माहीत, तेव्हा कुणी कुणाला शिकवायची गरजच नव्हती. हॉस्टेलच्या चुलीवर ती रटरटायची, कसर लागू नये म्हणून तिच्यात थोडं मोरचूद पडायचं, आणि नवा अंक थेट जुन्याच्या डोक्यावर बसायचा. पुढं मोबाइल आले, भित्तिपत्रक बंद पडलं. तोवर फळी गोधडीसारखी जाडजूड झाली होती. कुणी एक कागद फेकला नव्हता, आणि शेवटच्या अंकाशिवाय एक कागद दिसतही नव्हता.

त्या शेवटच्या अंकावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पंख पसरलेला गरुड आहे. आताच्या आमच्या प्राचार्यांनी विद्यार्थी असताना काढलेला, तोही ऑइलपेंटनं. गरुड म्हणायचं आपलं. दिसायला खुडूक कोंबडी.

आता मावशी. त्या सांगोल्याकडच्या, मेंढरंवाल्या घरातल्या. मी नोकरीला लागल्यावर एकदा काठी टेकत ग्रंथालयात आल्या आणि थेट फळीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचा धाकटा भाऊ इथं शिकायला होता. दुसऱ्या वर्षाला असताना कावीळ झाली आणि गेला. घरात शाळेचं तोंड पाहिलेला तो पहिला. आईनं दुःखाच्या भरात त्याची वह्यापुस्तकांची पेटीही त्याच्याबरोबर मातीआड केली. फोटो कधी काढलेला नव्हता. म्हणजे त्याचं म्हणून जगात काही उरलं असेल तर ते ह्या फळीत.

"त्यानं लिवल्यालं हितं भिताडावर लावलं हुतं, माटाच्या बाजूला," मावशी म्हणाल्या. "मला एकदा बगायचंय."

फळीच्या उजव्या हाताला पाण्याचा माठ असायचा, हे खरं. पाणी प्यायला येणारा प्रत्येक जण तिथलं पान वाचायचा, म्हणून त्या कोपऱ्यासाठी पोरांत भांडणं व्हायची. पण ते पान कितव्या थराखाली गेलं हे कोण सांगणार? मी मावशींना चहा पाजला आणि खाली असेल म्हणाले. तेव्हापासून दवाखान्याला, नाहीतर लोकर घेऊन सोलापूरला आल्या की त्या येत. वाचता येत नव्हतं त्यांना. खुर्चीवर बसायच्या, फळीकडं बघायच्या आणि विचारायच्या, निघालं का? मी चहा मागवायचे.

म्हणून अनुदान आल्या आल्या माझ्या डोक्यात एकच होतं. पुण्याहून कागदांची दुरुस्ती करणारी एक पोरगी आली. चष्मा, हातमोजे, बोलणं मोजकं. तिनं कोपऱ्याला नाक लावून वास घेतला आणि विचारलं, चिंचोके का? मला ती तिथंच आवडली. ती म्हणाली, ही खळ वाफेनं सुटते. हळूहळू एकेक थर निघेल, खालची शाई फार हलणार नाही. पण सगळ्यात वरचा कागद ऑइलपेंटनं कडक झालाय, वाफ घालायची तर तिथला रंग आधी खरवडावा लागेल. पूर्ण फळीएवढे पैसे ह्या खेपेला नाहीत, एक कोपरा करू. मी म्हटलं, माठाचा.

म्हणजे गरुडाचा उजवा पंख जाणार.

प्राचार्यांना ते ऐकवलं तर त्यांचा चेहरा पडला. त्यांच्या मनात फळीला काच, वर दिवा, फीत कापायला पाहुणे असं सगळं ठरलं होतं. वर त्यांनी कायदाच काढला: अनुदान जपायला मिळालंय, खरवडायला नाही. तसं बघायला गेलं तर मुद्दा चुकीचा नव्हता. मी समजावून बघितलं, मावशींचं सांगितलं, पण ते आपले वारसा, वारसा करत राहिले. मग ग्रंथालयात चहाला यायचेही बंद झाले. मी काही गोडबोली बाई नाही. एक दिवस सरळ त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, तुमची कोंबडी वाचवायची का त्या पोराचं अक्षर, तेवढं सांगा."

"कोंबडी?" ते म्हणाले.

झालं, आता बदलीच, असं मला वाटलं. पण ते उठले आणि फळीसमोर जाऊन उभे राहिले. बराच वेळ डावीकडून, उजवीकडून बघत होते. मग खिशातून मोबाइल काढून त्यांनी स्वतःच गरुडाचा फोटो घेतला आणि करा सुरू म्हणाले. जाता जाता मला विचारलं, की सगळे असंच म्हणतात का. मी म्हटलं, सगळे नाही, सर.

काम सावकाश चाललं. पोरगी वाफेची नळी धरून बसायची, बारीक पात्यानं कड उचलायची, निघालेला कागद दोन शोषकागदांत ठेवायची. एकेक अंक वर येत होता. हुंड्यावरचे लेख, चारोळ्या, वसतिगृहातल्या आमटीवरची तक्रार. एका थरात माझीच कविता निघाली. ती बघून मी कान धरले आणि पोरीला म्हटलं, हिच्यावर लवकर शोषकागद टाक.

आणि मग ते पान आलं. पाण्याचे ओघळ उठलेलं, एक कड गेलेली, पण निळं अक्षर शाबूत. खाली भावाचं नाव, त्याचा वर्ग. पण नावाच्या आधी एक शब्द होता. संकलन. वर मथळा होता, 'तुम्हाला माहीत आहे का?' कविता नाही, लेख नाही, मनातलं एक अक्षर नाही. कुठल्या तरी मासिकातली माहिती पोरानं उतरवून काढली होती. एवढी वर्षं मावशी ज्याच्यासाठी येत होत्या ते हे. मला रागच आला त्या पोराचा. अरे, चार ओळी स्वतःच्या लिहायच्या होत्यास की.

मावशींना निरोप दिला, भाच्यानं मोटारसायकलवरून आणून सोडलं. पोरीनं पान त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं, हात न लावायचं सांगितलं. मावशींनी दोन्ही हात पाठीमागं धरले आणि वाकून बघत राहिल्या. मला लपवता येत नाही. मी सांगून टाकलं, की मावशी, हे त्यानं स्वतःच्या मनानं लिहिलेलं नाही, दुसऱ्याचं बघून उतरवलंय.

"पर हात त्याचाच न्हवं का?"

"हात त्याचाच."

"मग वाच की."

मी वाचलं. उंटाच्या वशिंडात पाणी नसतं, चरबी असते. वटवाघूळ पक्षी नव्हे. समुद्रात आठ हातांचा एक प्राणी असतो, त्याला तीन काळजं असतात.

"काय म्हनलीस? परत वाच."

मी परत वाचलं.

"हे असं छापून आलं हुतं? खरं हाय?"

हो मावशी, खरं आहे, मी म्हटलं. चष्मेवाली पोरगीही म्हणाली, खरं आहे, आजी.

त्या खुर्चीवर बसल्या. मग सांगितलं त्यांनी. दिवाळीच्या सुट्टीला भाऊ घरी आला तेव्हा त्यानं हेच तीन काळजांचं सांगितलं होतं. मावशींचं आयुष्य मेंढरांत गेलेलं, कापलेली जनावरं रोज बघितलेली. कुठल्याही जिवाला काळीज एकच, हे त्यांना पक्कं माहीत. शहरात जाऊन थापा मारायला शिकलास, असं सगळ्यांदेखत त्याला म्हणाल्या. तो रडकुंडीला आला. तू कॉलेजात चल, भिंतीवर लावलंय, वाचून दाखवतो, म्हणाला. पुढच्या खेपेला तो घरी आला तो आजारी होऊनच, आणि मग उठलाच नाही.

मावशी पानाकडं बघत होत्या.

"त्यो खरं बोलत हुता की गं," त्या म्हणाल्या. "आन् मी त्याला लबाड म्हनलं."