टापा ऐकणारा टांगेवाला

आता मैदागिनच्या चौकात ई-रिक्षांची रांग असते. पूर्वी तिथे एक टांगेवाला असे. टांगा हाकताना तो बोलत नसे, घोडीच्या टापा ऐकत असे.

एकदा मी आणि बायको स्टेशनला निघालो असताना त्याने मध्येच टांगा थांबवला. घोडी किंचित लंगडत होती. त्याने उतरून तिचा पाय उचलून पाहिला. खुरात खडा नव्हता, पण खूर गरम होता. नालेचा खिळा मांसाला लागला होता.

"भैया, गाड़ी छूट जाएगी!" बायको वैतागली.

"बहूजी, गाड़ी कल फिर आएगी. इसका पैर गया तो नहीं आएगा."

गाडी चुकलीच. दुसऱ्या दिवशी तो नाल काढून, मिठाच्या गरम पाण्याने तिचा खूर शेकत बसलेला दिसला.

पंधरवड्याने आम्ही त्याच्याच टांग्यातून निघालो. या वेळी बायकोही टापा ऐकत होती.