फळ्यावर आधीच आलेलं पाणी

चिंचवडच्या आसपास कारखान्यांची कुंपणं पडू लागली, तेव्हा आमच्या गावात वर्तमानपत्र एकच यायचं आणि ते सरपंचांच्या माडीवर अडकून पडायचं. बाकी गावासाठी वाचनालयाच्या ओट्यावर फळा होता. त्यावर रोज खडूने बातम्या लिहायचं काम माझं, कारण मी शाळामास्तर, अक्षर बरं, आणि फुकट. वाचनालयाचे अध्यक्षही सरपंचच. त्यांनी अथपासून इतिपर्यंत वाचलेला मजकूर म्हणजे स्वतःच्या सत्काराची पत्रिका.

त्या वर्षी गावात पहिला नळ आला. पाण्याचं अजून ठरायचं होतं.

कारखान्याचा रस्ता रुंद करायचा होता आणि मध्ये जुनी विहीर येत होती. नळाला पाणी सुरू झालं की ती बुजवायची, असं ठेकेदाराशी ठरलं होतं. विहिरीला लागून एक परटीण राहायची. नवरा गेल्यापासून ती कारखान्यातल्या साहेबांचे कपडे धुवायची. विहीर गेली की तिचा धंदा गेला.

उद्घाटनाला पुण्याहून पुढारी येणार होते. आदल्या संध्याकाळी सरपंच म्हणाले, "गुरुजी, बातमी आत्ताच लिहून टाका. साहेब गाडीतून उतरल्या उतरल्या वाचतील."

"अजून घडलंय कुठे?"

"घडल्यावर काय, कोणीपण लिहील!"

मी लिहिलं: गावाच्या नळाला पाणी सुरू, आयाबहिणींचे डोळे पाणावले. डोळ्यांची भर सरपंचांची.

सकाळी परटीण धावत आली. "गुरुजी, चला लवकर! हिरीत मुरूम टाकत्यात!"

ठेकेदाराच्या मुकादमाला वाचता येत होतं, हे गावाचं दुर्दैव. मी म्हणालो, "थांबवा. नळाला अजून पाणी नाही."

"फळ्यावर हाय की."

"ते खोटं आहे. मीच लिहिलंय."

"तुमीच लिवलंय, आन् तुमीच खोटं म्हणताय? राव, सरपंचांची चिठ्ठी आणा. तवर काम थांबायचं न्हाई."

सरपंच मांडवात फेटा सावरत उभे होते. "आत्ता? साहेब येताहेत. समारंभ होऊ द्या, मग बघू."

"मग विहीर उरणार नाही."

"नळ आहे ना!"

पुढाऱ्यांनी तोटी फिरवली. ती खोकली, फुसफुसली आणि तांबडा गाळ थुंकून गप्प बसली. कोणीतरी टाळ्या सुरू केल्या. मग पुढारी भगीरथावर पाऊण तास बोलले. तेवढ्यात विहीर काठापर्यंत भरली. परटीण साहेबांच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन मांडवाच्या कडेला उभी होती. मी जवळ गेलो तर म्हणाली, "बघा की गुरुजी, डोळं पाणावल्यात का न्हाई माझं."

दोन महिन्यांनी नळाला पाणी आलं, रोज तासभर. त्यावर कपडे धुवायला बंदी, असा सरपंचांचा हुकूम निघाला. तो मी फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिला. परटीण गाठोडी लांब पवना नदीवर नेऊ लागली. कपडे उशिरा येतात म्हणून साहेबांनी कारखान्याच्या वसाहतीतली नवी लाँड्री धरली. दिवाळीआधी परटीण खोलीला कुलूप लावून मावळात भावाकडे गेली.

फळ्याचं काम मी आणखी तीन वर्षं केलं.