नगावर केलेला कॅटलॉग

"नगावर द्या," बाळाराम शेठ म्हणाले. "एक पुस्तक कॉम्प्युटरमध्ये चढवलं की एक नग. पगारावर माणूस ठेवला की तो चहाच पीत बसतो. वीस वर्षं लूम चालवतोय मी, मला शिकवू नका."

"शेठ, पुस्तक म्हणजे कापडाचा ताका नाही," मी म्हटलं.

"मॅडम, मोजता येतं ते सगळं ताकाच."

सगळे हसले. मी हसले नाही.

शेठचं ऑफिस धामणकर नाक्याजवळ, त्यांच्याच कारखान्याच्या माडीवर होतं. खाली लूम चालू असायचे, त्यामुळे वर बसून साधं बोलायचं तरी ओरडावं लागायचं. आमची प्रत्येक मीटिंग बाहेरून भांडणासारखी वाटत असणार. ही खरोखरच भांडणाची होती.

शेठ आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. संस्थेचं भिवंडीत एक कॉलेज आणि एक जुनं सार्वजनिक वाचनालय. मी कॉलेजची ग्रंथपाल. त्या दिवशी माझ्या शेजारी सुनंदाताई पाटील बसल्या होत्या. खारबावचं गाव-वाचनालय त्या चालवायच्या. चालवायच्या म्हणजे झाडू मारण्यापासून वर्गणी मागण्यापर्यंत सगळं त्याच. त्यांच्याकडे कथा-कादंबऱ्या होत्या, पोथ्या होत्या, पण गावातल्या कॉलेजच्या पोरापोरींना लागणारी पुस्तकं नव्हती. ती आमच्याकडे होती.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली. ग्रंथालयांमध्ये कॉम्प्युटर नुकते स्थिरावत होते. तिन्ही वाचनालयांच्या पुस्तकांची यादी, म्हणजे कॅटलॉग, कॉम्प्युटरवर आणायचा असं ठरलं होतं. समोर दोन पर्याय होते. मुंबईची एक कंपनी सॉफ्टवेअरची सीडी देणार होती. त्यात प्रत्येकाने आपापली यादी आपापल्या घरी करायची. दुसरा पर्याय, पुण्याहून चालणारं ग्रंथालयांचं एक जाळं. त्यात सगळ्यांची मिळून एकच यादी. एखाद्या पुस्तकाची नोंद एका ग्रंथालयाने नीट केली, की बाकीच्यांनी ती पुन्हा करायची नाही. आधी शोधायचं. नोंद सापडली तर तिला आपली प्रत जोडायची. नाही सापडली तरच नवी नोंद करायची. आमच्या धंद्यात याला सामायिक कॅटलॉग म्हणतात.

मी पुण्याचं जाळं निवडलं. कारण सुनंदाताई होत्या. सामायिक यादीत खारबावला बसून कळणार होतं, भिवंडीच्या कपाटात काय आहे ते. ग्रामपंचायतीच्या फोनवरून इंटरनेट लावायचं, पुस्तक शोधायचं, मागणी टाकायची. गावातून रोज सकाळी दूधवाले भिवंडीला यायचे. परत जाताना रिकाम्या कॅनसोबत पुस्तकांची पिशवी न्यायला त्यातला एक तयार होता. ही निवड बरोबर होती असं मला आजही वाटतं.

शेठनाही ती आवडली होती. "डिझाइन एकाने काढायची, विणायची सगळ्यांनी. बरोबर?"

"अगदी बरोबर," मी म्हटलं होतं. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. माणसाला आपली गोष्ट फार पटकन कळली, की ती त्याला त्याच्यासारखी कळलेली असते.

तर आता प्रश्न एन्ट्री करणाऱ्यांच्या पैशांचा होता. पुण्याचं सॉफ्टवेअर रोज संध्याकाळी एक रिपोर्ट द्यायचं, आज नव्या नोंदी किती झाल्या त्याचा. शेठ तोच आकडा धरून पैसे देणार होते.

"मग जुन्या नोंदीला प्रत जोडली, तर त्याचाही नग धरा," मी म्हटलं.

"तयार माल उचलायचे पैसे?" शेठना खरंच आश्चर्य वाटलं. "त्यात विणलं काय?"

"शोधावं लागतं, शेठ. शोधणं हेच काम आहे."

"सापडलं तर सापडलं. त्याचे कसले पैसे?"

ठराव झाला. नव्या नोंदीला नग, जोडणीला काही नाही. जिना उतरताना सुनंदाताई म्हणाल्या, "जाऊ द्या मॅडम. काम सुरू तर होतंय. माझ्या पोरी वाट बघतायत."

एन्ट्रीला तीन माणसं आली. त्यांत रईस सगळ्यांत तरबेज. निजामपुऱ्यात राहायचा, आधी एका कापडाच्या गाळ्यावर बिलं टाइप करायचा. बायको, दोन मुलं, आई, सगळी जबाबदारी त्याच्यावर. बोटं अशी चालायची की कीबोर्डची दया यावी. मी तिघांना बसवून शिकवलं. आधी लेखकाच्या नावाने शोधा, मग पुस्तकाच्या नावाने, मग आवृत्ती बघा, मग जोडा. रईसने सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "मॅडम, मिल गया तो मेरा नग गया ना?"

"गया," मी म्हटलं.

"तो फिर मैं ढूँढूँ क्यों?"

त्याला रागवायला तोंडच नव्हतं मला. मी पुन्हा शेठकडे गेले. शेठ म्हणाले, "तुम्ही चेक करा ना. लूमवरही मास्टर असतोच की माल चेक करायला." म्हणजे तीन माणसांनी दिवसभर विणायचं आणि मी एकटीने त्यातल्या गाठी सोडवायच्या. कॉलेजचं काउंटर, विद्यापीठाची कमिटी, परीक्षेची ड्युटी हे सगळं सांभाळून. मी करत होते. मी एक गाठ सोडवेपर्यंत दहा नव्या पडत होत्या.

आकडे मात्र डोळे दिपवणारे होते. संस्थेच्या वार्षिक समारंभात शेठनी ते वाचून दाखवले. टाळ्या झाल्या. मला शाल मिळाली. ती शाल मी एकदाही अंगावर घेतलेली नाही.

प्रत्यक्षात काय झालं होतं ते सांगते. एकाच पुस्तकाच्या आमच्याकडे पाच प्रती असल्या, तर नियमाप्रमाणे नोंद एक आणि तिच्याखाली पाच प्रती असायला हव्यात. रईस आणि मंडळींनी पाच प्रतींची पाच पुस्तकं केली होती. प्रत्येक प्रत एक स्वतंत्र नोंद, म्हणजे एक स्वतंत्र नग. कॉम्प्युटरच्या दृष्टीने त्या पाचांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तुम्ही पहिल्यावर बोट ठेवलं, तर तो फक्त पहिल्याबद्दल सांगणार.

तरी सुरुवातीला खारबावची पिशवी छान चालली. सुनंदाताई मागणी टाकायच्या, काउंटरवरचा आमचा कारकून पुस्तक काढून ठेवायचा, दूधवाला घेऊन जायचा. एकदा एका पुस्तकात ताकाचा डाग पडून आला. मी ओरडायचं सोडून हसतच बसले. इतकी वर्षं नोकरी करून, आपल्या कपाटातलं पुस्तक खाडीकाठच्या गावात वाचलं जातंय, हे पहिल्यांदा दिसत होतं. त्या काळात मी खूश होते, हे कबूल करायला हवं.

त्या पिशवीवर सगळ्यांत जास्त नाव दीपालीचं असायचं. खारबावच्या शेतकरी घरातली मुलगी. घरून, बाहेरून परीक्षा देऊन बी.कॉम. करत होती. बाहेरून परीक्षा देणाऱ्याला कॉलेज नसतं, म्हणून कॉलेजची लायब्ररीही नसते. तिला आमचाच आधार होता. शेवटचं वर्ष होतं. बायपासवर तेव्हा मोठमोठी गोडाऊन उभी राहत होती. त्यातल्या एका कंपनीने तिला सांगितलं होतं, बी.कॉम. पास हो, अकाउंट्सला घेतो. वडलांनी तिला एवढंच सांगितलं होतं की शिक्षणासाठी एक वर्ष थांबतो, पुढचं मला झेपणार नाही.

परीक्षेच्या आधी तिने कॉस्टिंगच्या एका जाड पुस्तकाची मागणी टाकली. उत्तर आलं, पुस्तक बाहेर आहे. सुनंदाताईंनी पुन्हा टाकली. बाहेर आहे. एकदा काउंटरला फोनही केला. कारकुनाने पडद्यावर त्याच नोंदीवर बघितलं आणि तेच सांगितलं. त्याची तरी काय चूक? त्याला आम्हीच शिकवलं होतं, पडद्यावर दिसतं ते खरं.

माझ्यापर्यंत हे काही आलं नाही. परीक्षा झाली. निकाल लागला. दीपाली बाकी सगळ्या विषयांत चांगल्या मार्कांनी सुटली आणि कॉस्टिंगमध्ये नापास झाली.

त्यानंतर काही दिवसांनी सुनंदाताई कॉलेजमध्ये आल्या. वाचनालयाच्या अनुदानाचं काहीतरी काम होतं. बोलता बोलता दीपालीचा विषय निघाला. "ते एक पुस्तक मिळाला असता तर पोर सुटली असती," त्या म्हणाल्या. तक्रार म्हणून नाही, सहज.

"कोणतं पुस्तक?"

त्यांनी नाव सांगितलं. मी जागेवरून उठले. कॉमर्सचं कपाट माझ्या टेबलापासून चार पावलांवर होतं. मधल्या खणात त्या पुस्तकाच्या चार प्रती शेजारी शेजारी उभ्या होत्या. त्यांच्या कडांवर धूळ होती. म्हणजे बऱ्याच दिवसांत त्यांना कोणी हातही लावला नव्हता.

पाचवी प्रत, म्हणजे पडद्यावर पहिली दिसणारी नोंद, आमच्याच एका प्राध्यापकांच्या घरी होती. वर्षभर. प्राध्यापकांकडून पुस्तक परत मागायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

सुनंदाताईंनी त्या चारही प्रती बोट लावून मोजल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, मी तिला बोललेली, भिवंडीची लायब्ररी हाय, तू कशाला घाबरतेस." आणि पदराने तोंड पुसलं. मी त्यांना पाणी दिलं. दुसरं काय देणार होते?

मी त्या चारही प्रती उचलल्या आणि रिक्षा करून शेठच्या ऑफिसात गेले. टेबलावर ठेवल्या. सगळं सांगितलं. खालच्या लूमच्या आवाजात एक-दोन वाक्यं पुन्हा सांगावी लागली. शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी एक प्रत उघडली, मिटली, आणि म्हणाले, "म्हणजे नगावर हे काम होतच नाही."

"नाही होत."

"मग पगार चालू करा तिघांना. आजपासून." थोडं थांबून ते म्हणाले, "पण मॅडम, हे आधी का नाही बोललात?"

ते अगदी मनापासून विचारत होते.

पुढचं वर्ष आम्ही नोंदी एकत्र करण्यात घालवलं. रईस पगारावर आल्यावर शोधण्यातही तितकाच तरबेज निघाला. दुहेरी नोंद सापडली की "मॅडम, एक और पकड़ा!" असं ओरडायचा. यादी स्वच्छ झाली. पुण्याच्या लोकांनी आमचं कौतुक केलं. दुसऱ्या गावांची ग्रंथालयं आमची पद्धत बघायला यायची.

दीपालीला मी एकदाच भेटले. सुनंदाताईंसोबत खारबावला तिच्या घरी गेले. राहिलेला पेपर ऑक्टोबरमध्ये देता येत होता, ते सांगायला, आणि पुस्तक द्यायला. ती तेव्हा त्याच कंपनीच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला लागली होती. अकाउंट्सची जागा भरली गेली होती. नुकतीच शिफ्टवरून आली होती, हाताला चिकटपट्टीचा डिंक तसाच होता. वडील ओटीवर बसले होते. त्यांनी चहा ठेवायला सांगितला, पण मध्ये बोलले नाहीत.

खरं काय झालं ते तिला सांगायचं की नाही, यावर सुनंदाताईंचं आणि माझं वाटेत एकमत झालं नव्हतं. मी सांगितलं. तिला ते कळायचा हक्क होता असं मला वाटलं.

"म्हणजे तवा पुस्तक व्हता?" तिने विचारलं.

"होतं. चार होती."

तिने बोटावरचा डिंक खरवडला. मग सुनंदाताईंकडे बघून म्हणाली, "ताई तर बोललेली, भिवंडीला जाऊन भांडते. मीच नको बोलली. मना वाटला, कोनीतरी माझ्यासारकाच अभ्यास करत असल. त्याचा झाल्यावर मिलंल."

ती पोर समजूतदारपणे आपल्या पाळीची वाट बघत थांबली होती, आणि तिच्या पुढे कुणीच नव्हतं.

पुस्तक तिने ठेवून घेतलं. ऑक्टोबरला बसते म्हणाली. बसली नाही. बारा तास उभं राहून आल्यावर कोण कॉस्टिंग वाचणार? काही महिन्यांनी पुस्तक दूधवाल्याच्या पिशवीतून परत आलं, वर्तमानपत्राचं कव्हर घालून. मी खूप वेळा निरोप पाठवले. नंतर सुनंदाताईंनीच सांगितलं, आता नका पाठवू, तिला लाज वाटते. लाज तिला का वाटावी, हे मला आजवर समजलेलं नाही.

मी रिटायर झाले. अधूनमधून नवे ग्रंथपाल फोन करतात, मॅडम, सामायिक कॅटलॉगसाठी कोणती सर्व्हिस घ्यावी, वर्कफ्लो कसा बसवावा. त्यांना मोठं उत्तर हवं असतं. माझं छोटं आहे आणि ते कुणाला फारसं आवडत नाही. सर्व्हिस कोणतीही घ्या. फक्त वाचकाला 'पुस्तक नाही' असं सांगण्याआधी खुर्चीतून उठा आणि एकदा कपाटापर्यंत जाऊन या.