गिरणीमागचा पाळणा

वलगावात माझी पिठाची गिरणी आहे. पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा नातीचा पाळणा मी गिरणीमागच्या खोलीतच टांगला. बायको म्हणे, "लेकराचे कान फुटतीन." म्हटलं, "तुयी पोट्टी याच घरघरीत वाढली. बहिरी झाली का?"

गिरणी चालू असली की ओरडल्याशिवाय भागत नाही. मधल्या दारातून डोकं घालून मी ओरडायचो, "काय वं मालकीनबाई!" नात हसायची, दोन्ही पाय झाडायची. तीन महिने हाच धंदा. गिऱ्हाईक खोळंबलं तर खोळंबलं.

मग जावई तिला अकोल्याला घेऊन गेले. तीन आठवडे कसेबसे काढले आणि निघालो. बसमध्ये शेजारच्यालाही सांगून टाकलं, नात मले पाह्यल्याबरोबर पाय झाडते म्हणून.

जुन्या शहरातलं घर, पण आतल्या अंगाला. चिडीचूप. "काय वं मालकीनबाई!" म्हटलं. नातीनं टकमक पाहिलं, ओठ काढला आणि भोकाड पसरलं.

विहीणबाई हसल्या. "नाई ओळखत जी तुमाले, व्याहीबुवा. आता थे आमची झाली."

हळू बोलून पाहिलं, टाळ्या वाजवून पाहिल्या. मला बसवेना. खिडकीपर्यंत जाई, परत येई. तेवढ्यात पोरीनं आत चटणीला मिक्सर लावला. नात रडता रडता थांबली. मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी ओरडलो. तिनं पाय झाडले!

"पाह्यलं?" विहीणबाईंना म्हटलं, तर मिक्सर थांबला. नातीचं तोंड पुन्हा वाकडं.

"बंद काहून केला वं? लाव!"

"बाबा, चटनी झाली."

"मंग दाने टाक. काईबी टाक, पन फिरव."

तिसऱ्यांदा फिरवला तेव्हा मिक्सरातून धूर निघाला. विहीणबाई म्हणाल्या, "सूनबाई, तुहा बाप घर जाळाले आला का?"

मी पिशवी उचलली. नातीनं मला ओळखलं की त्या आवाजाला? आता गिरणी पाठीवर घेऊन फिरू का?

पोरगी दारापर्यंत आली. "बाबा, तिनं तुमाले गिरणीसंगच पाह्यलं. गिरणी नसली त तुमी कोन, तिले कसं समजावं? चार रोज राहा इथं. चूपचाप घरातबी तिले तुमी दिसू द्या."

आमच्यात बाप लेकीच्या सासरी मुक्काम करत नाही. माझ्या बापानं केला नाही, पोरीच्या लग्नाला चार वर्षं झाली तरी मीही केला नव्हता. चपला घालून उंबऱ्यात उभा राहिलो. आत नात रडत होती.

"आत या नाईतर जा, व्याहीबुवा," विहीणबाई म्हणाल्या. "दार लोटा, मच्छर येऊन राहिले."

चपला काढल्या. पाळण्याजवळ सतरंजीवर बसलो. मला हळू बोलता येत नाही, तरी बोलत राहिलो. ती रडतच होती. मी उठलो नाही.