धोंड्याच्या जेवणात पुसलेली सनई

जावयावर ओरडायचं नसतं. त्यातून अधिक महिना असेल, जावई धोंड्याच्या जेवणाला आलेला असेल आणि आईने ताम्हण घासूनपुसून ठेवलं असेल, तर त्याने घर पेटवलं तरी "असू द्या हो, गारठा होताच जरा" असंच म्हणायचं असतं. हे मला मान्य आहे. पण माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने त्या दिवशी जे केलं ते आठवलं की आजही माझा घास हातातच राहतो. बायको ओळखते. म्हणते, "झालं, आली फ्लॉपी."

आधी त्या मशीनबद्दल सांगतो. आम्ही विरारला, मनवेलपाड्यात. मी दिवसा कारकून आणि लग्नसराईत हळदीच्या ऑर्केस्ट्रात की-बोर्ड बडवणारा. मुंबईतल्या एका स्टुडिओने भंगारात काढलेला सॅम्पलर मी हौसेने उचलून आणला होता. दिसायला जाडजूड की-बोर्डच. खऱ्या वाद्याचा एकेक सूर माइकने त्याच्यात भरायचा. मग पट्टी दाबली की त्याच वाद्याचा, त्याच माणसाचा सूर बाहेर. पण बटण बंद केलं की गड्याला काही म्हणजे काही आठवत नाही. म्हणून सगळे सूर फ्लॉपीवर उतरवून ठेवायचे आणि दर वेळी एकेक फ्लॉपी घालून त्याला पुन्हा पढवायचं. मी पढवायचं, लोडशेडिंगमध्ये लाइट जायची, आणि त्याने विसरायचं. असा आमचा संसार.

त्या फ्लॉप्यांमध्ये माझ्या काकांची सनई होती. काकांनी उभं आयुष्य देवळात आणि लग्नांत सनई वाजवली. दम चांगला होता तेव्हा मी त्यांना खुर्चीवर बसवून एकेक सूर भरून घेतला होता. तेव्हाही चिडलेच होते. "नुसता सा काय फुंकायला लावतोस? मी काय गाडीचा हॉर्न आहे?" पुढे त्यांच्या छातीने दगा दिला. डॉक्टरांनी सनई बंद केली आणि काकूने ती कपाटावर टाकली.

आता त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, अधिक महिना संपल्या संपल्या, तुळिंजच्या हॉलमध्ये. काका आमच्याकडे आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "लोकांच्या पोरी मी वाजवून सासरी धाडल्या. माझ्या पोरीच्या लग्नात कॅसेट लावायची नाही. तुझ्या त्या पेटाऱ्यात मी आहे ना? मग मलाच लाव."

म्हणजे आलं माझ्यावर. पेटारा कधीचा बंद पडला होता. आमच्याकडची हवा खारी, ती दाराच्या कडीला सोडत नाही तर याला काय सोडणार? फ्लॉपी घातली की नुसतं कर्र कर्र. जुन्या कॉम्प्युटरचा फ्लॉपी ड्राइव्ह काढून त्यात बसवला. बसला झकास, चालला नाही. दुसरा आणला, तोही तसाच. दिसायला सगळे जुळे भाऊ, पण याला म्हणे आपल्याच घरचा लागतो. शेवटी एका ड्राइव्हच्या पोटातला बारीक खटका इकडचा तिकडे सरकवला तेव्हा महाराज राजी झाले. तोवर मी इतक्या शिव्या दिल्या होत्या, की आईने देवघराचा पडदा ओढून घेतला होता. पण पहिला सूर वाजला तशी तीच बाहेर आली. म्हणाली, "भावोजी आले की काय?"

आणि मग आला तो रविवार. धोंड्याचं जेवण.

जावईबापू कॉम्प्युटरचा कोर्स केलेले. माझ्या फ्लॉप्या बघून म्हणाले, "यांचा भरवसा नाही हं. बुरशी लागते. कॉम्प्युटरवर कॉपी करून ठेवायला हवं." सल्ला अगदी बरोबर होता. याचाच मला जास्त राग आहे. मी म्हटलं, "जेवल्यावर बघू," आणि त्यांच्याच विड्यासाठी पानं आणायला खाली उतरलो.

परत येतो तर घरात लाइट नाही आणि जावईबापू कॉम्प्युटरसमोर रुमालाने वारा घेत बसलेले.

"अहो, तुमच्या फ्लॉप्या कोऱ्याच होत्या की!"

"कोऱ्या?"

"कॉम्प्युटरच म्हणाला, फॉरमॅट केलेली नाही, करू का? म्हटलं, कर. एक झाली. दुसरी अर्ध्यात होती, तेवढ्यात लाइट गेली. आली की उरलेली पण करून देतो."

सॅम्पलरची लिपी वेगळी असते. ती कॉम्प्युटरला वाचता येत नाही, आणि जे आपल्याला वाचता येत नाही ते कोरंच आहे असं तो धरून चालतो. शिकलेल्या माणसासारखं. आणि फॉरमॅट केलं की होतं नव्हतं ते सगळं पुसलं जातं. मी पानांची जुडी हातात धरून उभा. आतून आईचा आवाज, "बघ, पाहुणे असून तुझं काम करतायत."

वडील नव्हते, त्यामुळे वाण मी द्यायचं होतं. ताम्हणात अनारसे, वर पेटलेला दिवा, शेजारी शर्टपीस. मी ते ताम्हण त्यांच्या हातात दिलं, आणि आईने डोळे वटारले म्हणून रीतीप्रमाणे म्हणालोही, "काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा." ते म्हणाले, "छे छे!" त्यांनी मला माफ केलं! ज्या लोडशेडिंगच्या नावाने मी रोज बोटं मोडायचो, त्याचेच त्या दिवशी आभार मानायची पाळी आली. आयुष्यात इतका अपमान कधी झाला नव्हता.

खालचे सूर वाचले होते. वरचे गेले. खालचा सूर ओढून वर नेता येतो, पण मग सनई ऐकू येत नाही, शेपटी दारात सापडलेला उंदीर ऐकू येतो. तोच घेऊन मी काकांकडे गेलो.

त्यांनी ऐकलं. "हा मी?"

"वरचे सूर पुसले गेले, काका."

"कोणी पुसले?" काका ताडकन उठले आणि धाप लागून खाली बसले. "नाव सांग त्याचं!"

"जावईबापूंनी. धोंड्याला आले होते तेव्हा."

काकांचं तोंड उघडं राहिलं, मग मिटलं. दातावर दात ठेवून म्हणाले, "मग... असू दे." आणि राग कुठेतरी काढायचा म्हणून माझ्यावर काढला. "तू कशाला पानं आणायला गेलास, गाढवा?"

काकांनी पेटाऱ्याची एक पट्टी दाबली, सोडली. मग त्यांनीच विचारलं, "याला एका वेळी एकच सूर लागतो ना?"

"हो."

"मग तेवढा दम आहे माझ्यात." आत बघून ओरडले, "अगं, काढ ती कपाटावरची!"

काकू पदर खोचतच आली. "डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात?"

"डॉक्टर येणार आहे का वाजवायला? काढ!"

सनईच्या तोंडाची पत्ती पाण्यात भिजवली. एक सूर, मग भिंतीला टेकून बसणं, पाठीवर काकूचा हात, घोटभर चहा, मग पुढचा. एकदा सूर भरला आणि फ्लॉपीवर उतरायच्या आत लाइट गेली. "परत?" काका माझ्याकडे असे बघत होते, जणू मुख्य खटका माझ्याच घरात आहे. सगळ्यात वरचा सा काही केल्या लागेना. शेवटी ते उठले, एका हाताने कपाट धरून उभे राहिले आणि काकू "पुरे, पुरे" म्हणत असतानाच त्यांनी तो लावला. थरथरत होता, पण लागला. मी फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिडकी उघडली, म्हणजे आता ती कोणाला पुसता येणार नाही, आणि ती शर्टाच्या खिशात ठेवून वरून बटण लावलं.

तुळिंजच्या हॉलमध्ये सनई वाजली. खालचे सूर भरल्या छातीच्या माणसाचे, वरचे त्याच माणसाचे, म्हातारपणातले. फरक कोणाच्या लक्षात आला नाही. जावईबापू मात्र पहिल्या रांगेत बसून शेजाऱ्यांना सांगत होते, "मी ते जुनं सगळं काढायला लावलं, म्हणून एवढं ताजं वाटतंय." मी पट्ट्यांवर जरा जास्तच जोर दिला.

कन्यादान झालं. काका फेटा सावरत, खुर्च्यांना धरत धरत माझ्यापर्यंत आले. मला वाटलं, पाठ थोपटतील.

"तो वरचा सा मध्येच का सोडतोस?" ते सगळ्यांदेखत डाफरले. "दम माझा गेलाय, तुझ्या बोटाचा नाही!"

मला असा राग आला, की मी ती पट्टी दाबून धरली आणि काका पुन्हा मुलीशेजारी जाऊन बसेपर्यंत सोडलीच नाही.