रिकामा रकाना

रत्नागिरीत एस.टी.तून उतरलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते. खांद्याला बॅग, बॅगेत चार फ्लॉप्या आणि डोक्यात नको तितकी हवा. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी सव्वीस वर्षांचा होतो...

बंदराजवळच्या एका मासळीच्या शीतगृहात आमच्या कंपनीचा कॉम्प्युटर होता. त्याचा कर्नल, म्हणजे सगळी यंत्रणा चालवणारा मुख्य प्रोग्रॅम, मी बदलणार होतो. मशीनमध्ये कुठली कार्डं, म्हणजे घंटेसारखी बाहेरची उपकरणं जोडायच्या पट्ट्या, बसवलीत हे त्या काळी कर्नलला आपणहून कळत नसे. यादी लिहून द्यावी लागे, एका ओळीत एक कार्ड.

जुन्या यादीत शेवटचा, कार्डाच्या जागेचा रकाना रिकामा सोडला की अर्थ व्हायचा, 'कार्ड नेहमीच्या जागी आहे'. नव्या कर्नलमध्ये आम्ही ठरवलं, रिकामा म्हणजे 'कार्ड नाही'. जुन्या याद्यांचं काय, हे कुणी विचारलंच नाही. मीही नाही.

तिथले ऑपरेटर सुर्वेकाका. थंडाव्यासाठी पाइपांतून फिरणाऱ्या अमोनिया वायूचं प्रेशर वाढलं की कॉम्प्युटर धोक्याची घंटा वाजवायचा, तिच्यावर त्यांचा फार जीव. काम संपल्यावर म्हणाले, "साहेब, एकदा प्रेशर चढवून बघूया काय? घंटा वाजली की मी निर्धास्त."

माझी दुपारची गाडी होती. "काही गरज नाही काका, जुनं सगळं चालतं," म्हणालो आणि निघालो.

घंटेच्या कार्डाचा शेवटचा रकाना रिकामा होता. कर्नलने ती ओळ मुकाट्याने वगळली... स्क्रीनवर एरर नाही, काही नाही. काका रोज सकाळी बटण दाबून घंटा तपासत, पण बटणाची वायर थेट घंटेला होती. त्यामुळे ती रोज वाजायची.

तीन आठवड्यांनी प्रेशर वाढलं आणि घंटा वाजली नाही. पाइपचा सांधा फुटला, झोंबणारा वायू आत पसरला. आत कोळंबी निवडणाऱ्या दोन बायका होत्या, त्यांना बाहेर काढायला काका तोंडाला ओला टॉवेल बांधून आत गेले. बायका वाचल्या. काकांचे दोन्ही डोळे गेले.

यादी तपासून हॉस्पिटलमध्ये गेलो तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. चूक माझी आहे, हे मी सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या देतील... द्यायला हव्या होत्या.

काकांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाले, "ह्या फ्लॉप्या आनि कुठं कुठं दिल्यास?"

"अजून दोन ठिकाणी."

"मग हितं काय बसलास? जा आदी!"

धावत पोस्टात गेलो, ट्रंक कॉल लावले. दोन्हीकडे प्रेशर चढवून बघायला लावलं. दोन्हीकडे घंटा मुकी होती.

नंतर जुनी यादी जुन्याच अर्थाने वाचणारा भाग कर्नलमध्ये परत घातला. पुढे नोकऱ्या बदलल्या, मशीनं बदलली, पण जुन्याला धक्का लागेल असं काही मी तपासल्याशिवाय बाहेर सोडलं नाही. ऑफिसातली पोरं मागून हसायची, हसू देत.

दर वर्षी काकांकडे जायचो. माझा आवाज ऐकला की आधी एकच विचारायचे, "वाजवून बघितलंस ना रे?"

काका गेले त्याला बरीच वर्षं झाली. मला माफ केलं असं ते कधी म्हणाले नाहीत, आणि मीही कधी विचारलं नाही... मी अजून वाजवून बघतो, काका.